लपवलेली डिग्री : एका घराचा दहा वर्षांचा हिशेब

ऑक्टोबर 2019 मध्ये माझ्या भाच्याने चाकणला एका लेबर ठेकेदाराच्या ऑफिसात बायोडेटा दिला. दहावी, डिप्लोमा मेकॅनिकल, खाली सही. आदल्याच वर्षी तो फर्स्ट क्लासमध्ये बीई झाला होता. ती ओळ त्याने स्वतःच काढून टाकली होती. "डिप्लोमा 2015 चा. मधली चार वर्षं काय केलंस?" असं समोरच्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घरची शेती." दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं, महिना साडेअकरा हजार.

हे त्याने मला दोन वर्षांनी सांगितलं, बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाला गावी आला होता तेव्हा. सांगताना हसत होता. मला काही हसू आलं नाही, कारण त्या डिग्रीसाठी दाजींना भरीला घालणारा मीच. साखर कारखान्याच्या अकाऊंट खात्यात मी 26 वर्षं काढली. दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवत आलो, पण घरातल्या सगळ्यात मोठ्या खर्चाचा ताळेबंद कधी मांडलाच नव्हता. त्या रात्री मांडायला घेतला आणि पुढे 2025 पर्यंत भर घालत गेलो. आकडे दाजींच्या वहीतले आणि भाच्याने सांगितलेले. माणसांची, कॉलेजची, कंपन्यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

घर

दाजींची कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात तीन एकर जमीन, सगळा ऊस. भाचा थोरला, भाची त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. दाजी बारावी नापास, आक्का सातवी शिकलेली. भाचा 2012 ला दहावीत 84 टक्के मिळवून पास झाला आणि शासकीय पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला लागला. तिथली वर्षाची फी काही हजारांत होती, त्यामुळे त्या तीन वर्षांत घरात पैशाचा विषय निघालाच नाही. 2015 ला डिप्लोमा झाला, 76 टक्के.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. 1983 मध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला सरकारने वाट मोकळी केली. त्याआधी ज्यांच्याकडे पैसा होता ती आमच्याकडची पोरं कर्नाटकात जाऊन इंजिनिअर व्हायची, बाकीच्यांनी स्वप्न बघायचं. त्यानंतर आमच्या भागात इंजिनिअर निपजायला लागले. पहिल्या खेपेचे जे झाले त्यांची घरं वर आली हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. दाजींच्या भावकीतला एक जण 1991 ला बीई झाला आणि पुण्यात बंगला बांधून बसला. आमच्या डोक्यातला इंजिनिअर म्हणजे तो. 2015 पर्यंत तालुक्यागणिक कॉलेजं झाली होती आणि राज्यभर हजारो जागा दर वर्षी रिकाम्या राहत होत्या, ही बातमी मी पेपरात वाचत होतो. पण पेपरातली बातमी आणि भावकीतला बंगला यांत बंगला जिंकतो.

जून 2015

पॉलिटेक्निकच्या कॅम्पसमधून भाच्याला ऑफर आली होती. चाकणची, गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी. डिप्लोमा ट्रेनी, महिना 9,500, बस आणि कॅन्टीन कंपनीचं. त्याच्यासोबत वर्गातला एक मित्रही निवडला गेला होता. हा मित्र पुढे या हिशेबात वारंवार येणार आहे, कारण तो गेला आणि भाचा गेला नाही.

त्याच आठवड्यात एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजचे दोन प्राध्यापक घरी आले. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, म्हणजे तीन वर्षांत बीई. पहिल्या वर्षाची पोरं नापास होऊन गळतात, दुसऱ्या वर्षाचे बाक रिकामे राहतात, ते भरायला कॉलेजांना डिप्लोमाची पोरं लागतात. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटलं, पोरगं हुशार म्हणून सर स्वतः चालत आले. आक्काने त्यांना पोहे केले.

भाच्याने मला विचारलं, "मामा, ऑफर आलीया. काय करू?"

दाजी मध्येच म्हणाले, "शिकू दे की. डिप्लोमा म्हंजे अर्धाच इंजिनिअर न्हवं? ऊस हाय की आपला."

मी दोन कारणं दिली. एक, आमच्या कारखान्यात चीफ इंजिनिअरच्या खुर्चीत डिप्लोमावाला बसलेला मी पाहिला नव्हता. दुसरं कारण पोराला बाहेर पाठवून सांगितलं: तीन एकरवाल्याच्या डिप्लोमा झालेल्या पोराला पुढे पोरगी कोण देणार? दोन्ही कारणं खोटी नव्हती. आजही नाहीत. पण पोराला काय हवं होतं हे कोणी विचारलं नाही. त्याला तेव्हा चाकणला जायचं होतं, असं तो आता म्हणतो. आता म्हणायला काय जातं, असंही मला वाटतं.

दाजींची वही

दाजी कारखान्याच्या डायरीत सगळं लिहितात. तीन वर्षांची बेरीज अशी निघाली. फी वर्षाला 85,000, म्हणजे तीन वर्षांची 2,55,000. खोली आणि मेस मिळून 1,65,000. पुस्तकं, परीक्षा, प्रोजेक्ट, बस यांचे 40,000. एकूण 4,60,000.

हा आकडा उसात मोजला तर खरा कळतो. 2015-16 च्या हंगामात मूळ एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला 2,300 होती. आमच्याकडे साखर उतारा चांगला, म्हणून दर वर जातो, पण तोडणी-वाहतूक कापून हातात पडायचे ते अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे एका वर्षाची नुसती फी 34 टन. एकरी चाळीस टन धरा. तीन एकरांतला जवळजवळ एक एकर दर वर्षी कॉलेजकडे जात होता, आणि त्यातून खत, पाणी, मजुरी अजून वजा केलेली नाही.

बँकेकडून 3,00,000 चं शैक्षणिक कर्ज घेतलं. 4 लाखांच्या आत तारण लागत नाही, म्हणून ते सोपं गेलं. उरलेले 1,60,000 उसातून आणि सेवा सोसायटीतून आले. पीककर्ज उचललं उसाच्या नावाने, गेलं मेसवाल्याच्या खिशात. गावात निम्म्या पोरांची शिक्षणं अशीच झाली आहेत, सोसायटीच्या सचिवालाही ते ठाऊक असतं.

एक चूक इथेच झाली, आणि ती माझ्यासारख्या हिशेबनिसाची आहे. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षण चालू असतानाचं आणि नंतरच्या सवलतीच्या वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरेल, अशी योजना तेव्हा होती. आम्ही त्यात बसत होतो. उत्पन्नाचा दाखला काढून वेळेत बँकेत दिला नाही. बँकेने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दर 11 टक्के, दर वर्षी एक लाख उचल. पहिल्या वर्षी 11,000, दुसऱ्या वर्षी 22,000, तिसऱ्या वर्षी 33,000 आणि सवलतीच्या वर्षाचे आणखी 33,000. जून 2019 ला हप्ता सुरू व्हायच्या वेळी कर्ज 3,99,000 झालं होतं. 99,000 रुपये एका दाखल्यावाचून गेले.

तीन वर्षं

कॉलेजात काय झालं हे थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. डिप्लोमावाल्या पोरांची पहिली ठेच एम-थ्रीला लागते. बाकीचे एम-वन, एम-टू करून आलेले असतात, हे थेट तिसऱ्या गणिताला भिडतात. भाचा तिथे अडकला, विषय राहिला म्हणजे केटी लागली, पुढच्या खेपेला सुटली. पण चौथ्या वर्षी कॅम्पसच्या नोटिशीवर अट असायची: दहावीपासून सलग साठ टक्के आणि एकही बॅकलॉग नको. सुटलेली केटीसुद्धा कित्येक ठिकाणी आडवी आली. कॉलेजात मेकॅनिकलसाठी एकही कंपनी आली नाही. पूल कॅम्पसच्या नावाखाली बस भरून दुसऱ्या कॉलेजला नेलं, तिथे विमा विकायची नोकरी होती.

एक गोष्ट मात्र कामाची झाली. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट त्याने शिरोलीच्या एका फाउंड्रीत केलं. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव मालात, ब्लो होल (हवेची भोकं) पडून माल रिजेक्ट होत होता, तो का होतो याची नोंद चार महिने ठेवायची. विभागप्रमुखांच्या पत्राशिवाय गेटवर कोणी उभं केलं नसतं. कॉलेजने त्याला काय दिलं असं कोणी विचारलं तर तो हे पत्र सांगतो. थट्टेने सांगतो, पण पुढे नोकरी लागली ती त्याच गेटातून.

सोळा महिने

जून 2018 ते ऑक्टोबर 2019. या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे, आणि वहीत यातलं सगळ्यात कमी लिहिलेलं आहे.

पुण्यात कॉट बेसिसवर खोली. एका क्लासला 35,000 भरून कॅटिया हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकला. त्याला 'कोअर'मध्ये, म्हणजे मेकॅनिकलच्याच कामात, नोकरी हवी होती. मेकॅनिकलची पोरं हा शब्द देवाच्या नावासारखा घेतात. ज्या जागेला बीई लागायचं तिथे दोन वर्षांचा अनुभव मागायचे. ज्या जागेला अनुभव लागत नव्हता तिथे म्हणायचे, "तुम्ही बीई आहात, सहा महिन्यांत सोडून जाल. आम्हाला आयटीआय किंवा डिप्लोमा पाहिजे." एका कन्सल्टन्सीने मागच्या दाराने चिकटवतो म्हणून दीड लाख मागितले. दाजी द्यायला तयार झाले होते, भाच्याने नको म्हटलं. आरटीओत सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायचं म्हणून काही महिने एमपीएससीची पुस्तकं आणली. त्या पदाला डिप्लोमा पुरतो, हे जाहिरात वाचताना त्याच्या लक्षात आलं. त्या दिवशी तो म्हणे दुपारभर झोपून राहिला.

त्यात 2019 ला वाहन उद्योगात मंदी आली. चाकणमध्ये कंपन्या महिन्यातले काही दिवस प्लांट बंद ठेवत होत्या. ज्या मित्राने 2015 ला नोकरी धरली होती त्याच्याही ओव्हरटाइमला कात्री लागली, पण तो आत होता. हा बाहेर.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल 2024 ला आला. त्यात पदवीधर तरुणांमधली बेकारी 29.1 टक्के आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमधली 3.4 टक्के होती. लोकांनी हा आकडा पदवी निरुपयोगी असल्याचा पुरावा म्हणून फिरवला. मला त्यात भाच्याची कॉट दिसली. निरक्षर माणसाला बेकार राहणं परवडतच नाही, तो मिळेल त्या कामावर जातो आणि आकड्यातून सुटतो. पदवीधर थांबतो. घरातून पाच-सहा हजार येतात म्हणून थांबतो, आणि खालच्या कामाला हात लावला तर डिग्रीचा अपमान होईल म्हणूनही थांबतो. भाच्याला गावी यायची लाज वाटायची. दिवाळीला आला तर "कुठल्या कंपनीत?" या प्रश्नावर "इंटरव्ह्यू चालूयत" म्हणायचा, आणि दाजी विषय बदलून पाण्याच्या पाळीवर यायचे.

हप्ता सुरू झाला तेव्हा थांबणं संपलं. सात वर्षांच्या फेडीला महिना साधारण 6,850. दोन हप्ते दाजींनी भरले. तिसऱ्या महिन्यात मित्राने खोलीवर येऊन सांगितलं, "बीई काढून टाक. डिप्लोमा दाखव. उद्या घेतील."

गेटच्या आत

ते काम 'नीम'खालचं होतं. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची ती योजना, कारखान्यात शिकाऊ म्हणून ठेवायचं, विद्यावेतन द्यायचं. कायद्याने ट्रेनी हा कामगार नाही, म्हणून पीएफ नाही. काम मात्र लाइनवरचंच, तीन पाळ्यांत. ती योजना पुढे बंद झाली. साडेअकरा हजारांतून 6,850 बँकेला गेल्यावर उरतात 4,650. दाजी धान्य आणि थोडे पैसे पाठवायचे. म्हणजे बीई झालेलं पोरगं नोकरीला लागल्यावरही घरचंच खात होतं.

पण त्या पाच महिन्यांत त्याने व्हर्नियर, हाइट गेज ही मापाची साधनं आणि रिजेक्शनची नोंद यांत हात बसवला. मार्च 2020 ला टाळेबंदी झाली, ट्रेनींना सगळ्यात आधी घरी पाठवलं. सप्टेंबरमध्ये तो प्रोजेक्टवाल्या फाउंड्रीत जाऊन उभा राहिला. मालकाने ओळखलं. "ब्लो होलवाला का तू?" क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून 14,000 वर घेतलं. इथे त्याने डिप्लोमा आणि डिग्री दोन्ही सांगितल्या, मालकाने एकही सर्टिफिकेट बघितलं नाही. छोट्या मालकाला माणूस सकाळी आठला येतो का, एवढंच बघायचं असतं.

डिग्री शेवटी 2022 ला कामी आली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका निर्यातदार कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली. अट: बीई आणि दोन वर्षांचा कास्टिंगचा अनुभव. तिथल्या नियमात 'इंजिनिअर' हे पद बीईलाच, डिप्लोमावाला दोन ग्रेड खाली लागतो आणि वर सरकायला सात-आठ वर्षं घेतो. भाचा 26,000 वर लागला. परदेशी ग्राहकाचं ऑडिट आलं की समोर त्यालाच बसवतात. 2025 ला पगार 42,000.

याच जागेला तो 2018 मध्ये नुसत्या डिग्रीवर लागला नसता. नुसत्या फाउंड्रीच्या अनुभवावरही लागला नसता. एवढं मला नक्की कळलं आहे.

आता ताळेबंद

वहीतली बेरीज 4,60,000. पण तिच्यात एक गोष्ट जास्त आहे आणि तीन कमी आहेत. जास्त आहे ती खोली-मेस. चाकणला असता तरी जेवला असताच, म्हणून ते 1,65,000 मी डिग्रीच्या खात्यावर टाकत नाही. राहिले फी आणि किरकोळ मिळून 2,95,000.

कमी आहे तो न मिळालेला पगार. मित्राचा पगार पहिल्या वर्षी 9,500, दुसऱ्या वर्षी 12,000, तिसऱ्या वर्षी 15,000. तीन वर्षांचे 4,38,000. दुसरी कमी गोष्ट म्हणजे ते सोळा महिने. मित्राला तेव्हा 17,000 मिळत होते, म्हणजे 2,72,000, आणि वर क्लासचे 35,000. तिसरी, व्याजाचे 99,000.

सगळं मिळून 11,39,000.

यात कॉलेजची फी 2,55,000, चौथ्या हिश्शाहूनही कमी. आम्ही मात्र तीन वर्षं फीवरच भांडलो. हे कॉलेज पाच हजाराने स्वस्त का ते, यावर दाजींनी दोन दिवस घालवले होते. सोळा महिने बसून काढले त्याचे 3,07,000 होतात, फीपेक्षा जास्त, आणि त्यावर घरात एकदाही बैठक झाली नाही.

आज भाचा 42,000, मित्र 36,000. फरक 6,000. त्या फरकाने 11,39,000 भरून यायला 190 महिने लागतात, जवळजवळ सोळा वर्षं. भाचा तेव्हा पंचेचाळिशीत असेल. 2019 ते 2022 या काळात मित्र त्याच्यापेक्षा जास्त कमवत होता, तो खड्डा मी यात धरलेलाच नाही.

एवढ्यावर निकाल द्यायचा तर डिग्री तोट्यात. पण हा हिशेब आजचा फरक उद्याही तोच राहील असं धरतो, आणि तसं होत नसतं. मित्राच्या कंपनीत त्याच्या ग्रेडचा कमाल पगार जवळ आलाय, भाच्याच्या पुढे अजून दोन पायऱ्या आहेत. दुसरं, जे रुपयांत बसत नाही ते. 2023 ला भाच्याचं लग्न झालं. मुलीच्या वडिलांनी पहिला प्रश्न शेतीचा विचारला आणि दुसरा शिक्षणाचा. तीन एकर ऐकून त्यांचा चेहरा पडला होता, बीई ऐकून सावरला, हे मी समोर बसून पाहिलंय. आमच्या भागात चांगली पंचवीस-पंचवीस एकरवाली पोरं तिशी उलटून बिनलग्नाची आहेत. या गोष्टीची किंमत कुठल्या खात्यावर टाकायची ते मला 26 वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नाही.

मित्राचं काय

त्याने दहा वर्षांत राजगुरूनगरला वन बीएचके घेतला, कर्जावर. त्यालाही डिग्रीची भिंत लागली आहे; नवीन आलेला बीई पोरगा त्याच्याकडून काम शिकतो आणि दीड वर्षात त्याच्या वर बसतो. याची चीड त्याच्या बोलण्यात असते. 2023 पासून एआयसीटीईने नोकरीतल्या डिप्लोमावाल्यांसाठी इंजिनिअरिंगचे वेगळे वर्ग चालवायची परवानगी कॉलेजांना दिली आहे, कामाच्या वेळा सांभाळून. मित्राने त्यासाठी कागदपत्रं गोळा केली आहेत. तो डिग्री घेईल तेव्हा तिशी ओलांडलेली असेल, पण एका महिन्याचाही पगार बुडालेला नसेल. ही वाट 2015 ला आमच्यासमोर असती तर मी तिचा सल्ला दिला असता का? खरं सांगायचं तर नाही. मला तेव्हा घाई होती, भाच्याच्या बायोडेटावर बीई बघायची.

उलट विचारही करून पाहिला. 2015 ला भाचा चाकणला गेला असता आणि दोन वर्षांनी थेट दुसऱ्या वर्षाला आला असता तर 2020 ला अनुभवासकट बीई झाला असता. कागदावर हे फार छान दिसतं. पण महिन्याला पगार हातात पडायला लागलेलं पोरगं पुन्हा एम-थ्रीच्या बाकावर बसायला येईल, ही गोष्ट मी माझ्या ओळखीत घडलेली पाहिलेली नाही.

2024 ला राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा विद्यावेतनाचे दर लावले: बारावी 6,000, आयटीआय आणि डिप्लोमा 8,000, पदवीधर 10,000. भाच्याने तो जीआर मला व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली एवढंच लिहिलं, "मामा, सरकारी भावात डिग्रीचे 2,000."

भाची

तिची बारावी 2025 ला झाली. तिच्या वेळी नियम बदललेले होते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024 पासून सरकार पूर्ण भरतं, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतला तर. दाखले या वेळी मी स्वतः एप्रिलमध्येच काढून ठेवले. मेस आणि हॉस्टेल आमच्याकडे राहिलं. म्हणजे भाच्याच्या हिशेबातला चौथा हिस्सा तिच्या हिशेबातून गेला, बाकीचे तीन हिस्से तसेच आहेत.

आक्काला वाटत होतं, आता फुकटच आहे तर विचार कशाला करायचा. दाजी गप्प होते. भाच्याने बहिणीला तीन कॉलेजं दाखवली आणि प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या पोरींना वर्गाबाहेर गाठून विचारलं, तुमच्यातल्या किती जणींना अजून काही नाही आणि त्या आता काय करतायत. एका कॉलेजात शिपायाने त्याला हटकलं. प्रवेश तिने घेतला, त्या तिन्हींपैकी जिथे पोरी मोकळेपणाने बोलल्या तिथे.

त्याआधी जुलैत एक प्राध्यापक घरी आले होते, दुसऱ्याच एका कॉलेजचे. आक्काने पोहे केले. सरांनी शंभर टक्के प्लेसमेंटचं सांगून झाल्यावर भाच्याने विचारलं, "सर, तिसऱ्या वर्षाच्या पोरी उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्या कंपनीत जातात?"

सरांनी ब्रोशरची दोन पानं उलटली आणि नव्या इमारतीचा फोटो दाखवला.

"हे बघितलं, सर," भाचा म्हणाला. "सुट्टीत कुठं जातात?"